बटणमास्तरांची शहाऐंशीवी चाल

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असे कुणी विचारले तर मी आईवडिलांच्याही आधी बटणमास्तरांचे नाव घेतो. आईवडील रागावत नाहीत, कारण त्यांनाही ते मान्य आहे. मास्तर शहाडला एका जुन्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहत. शाळेत त्यांनी कधी शिकवले नव्हते. आंबिवलीच्या एका धाग्याच्या गिरणीत ड्राफ्ट्समन म्हणून त्यांनी सारी नोकरी काढली होती. या गृहस्थांनी तोंडाने कुणाची चूक कधी काढली नाही. ते चूक पोस्टकार्डावर लिहीत आणि कार्ड पेटीत टाकत.

पाकीट नाही, आंतरदेशीय नाही. उघडे कार्ड. वर डाव्या कोपऱ्यात ‘चुका’ आणि पुढे आकडा, खाली क्रमांक घालून एकेक चूक. अक्षर नकाशावरच्या अक्षरासारखे, उभे आणि सुटे, त्यामुळे वाचायला कुणालाही त्रास नाही. मला आलेले पहिले कार्ड अजून आठवते. ‘चुका: तीन. १. प्रश्न पुरा होण्याआधी तोंड उघडले. २. बाराव्या चालीला घाबरला. ३. घाबरल्यावर हसला.’ आमच्या चाळीत ते कार्ड पोस्टमनच्या हातातून चाळमालकांच्या हातात आणि तिथून आमच्या दारात आले. तोवर नळावरच्या बायकांनाही ते पाठ झाले होते. चाळमालक इथलेच, जुने शेतकरी. ते दारातूनच ओरडले, “तुजा कारड आयलाय रं! तीन चुका हायेत.” माझ्या मोठ्या बहिणीने, सुरेखाताईने, ते बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. बाबा पूर्वी गिरणीत मास्तरांच्या खात्यात हेल्पर होते. ते म्हणाले, “साहेबांनी लिहिलंय म्हणजे खरं असणार.” त्यांनी ते कार्ड देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला टोचले. पुढे आठ वर्षे त्या खिळ्यावर कार्डे चढत गेली.

मी त्यांच्याकडे गेलो तो गणितासाठी. गिरणी बंद पडली होती, बाबा एका इमारतीवर वॉचमन होते आणि मी आंबिवलीच्या शाळेतून दहावी होऊन कल्याणच्या कॉलेजात अकरावी सायन्सला बसलो होतो. वर्गातले इंग्रजी कळत नव्हते आणि गणित तर त्याहून नाही. बाबा मला घेऊन मास्तरांच्या दारात उभे राहिले.

“साहेब, पोराला गणित सांगाल का?”

मास्तरांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. “गणित कॉलेज शिकवेल. मी बघायला शिकवतो. चप्पल सरळ ठेव आणि बस.”

आणि त्यांनी पलंगाखालून एक प्लायवूडची फळी काढली. तिच्यावर ड्रॉइंगच्या पेनने एकोणीस आडव्या आणि एकोणीस उभ्या रेघा मारलेल्या होत्या. दोन पत्र्याच्या डब्यांत उल्हासनगरच्या बाजारातून किलोवर आणलेली कोटाची बटणे होती, एकात काळी, दुसऱ्यात पांढरी. या खेळाचे नाव गो. रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आळीपाळीने एकेक बटण ठेवायचे. ठेवलेले बटण हलवायचे नाही. शत्रूची बटणे चारी बाजूंनी कोंडली की ती मेली, ती उचलायची. शेवटी ज्याने जास्त जागा घेरली तो जिंकला. एवढेच नियम. गिरणीत यंत्रे बसवायला आलेल्या एका जपानी इंजिनिअरने ते मास्तरांना दोन महिन्यांत, हातवारे करून शिकवले. जाताना तो एक जाड पुस्तक देऊन गेला. त्यात मोठमोठ्या खेळाडूंचे चाळीस डाव होते, चालींचे आकडे टाकून छापलेले, आणि प्रत्येक डावाखाली जपानी भाषेत विवेचन. आकडे नेहमीचे इंग्रजी असल्यामुळे कुणालाही डाव लावता येत असे. विवेचन मात्र मास्तरांना वाचता येत नव्हते. त्यांना जपानी येत नव्हते, आणि शहाड-आंबिवलीत विचारायचे तरी कुणाला?

मास्तर आयुष्यात त्या इंजिनिअरखेरीज कुणाशीही खेळले नाहीत. माझ्याशी तर नाहीच. एकदा मी धीर करून म्हणालो, “मास्तर, आपण खेळू या का एक डाव?”

“तू आणि मी? दोन बहिऱ्यांनी गाण्याची बैठक मांडावी तसं ते. आपण वाचायचं. खेळायला लायकी लागते.”

वाचायचे म्हणजे असे. मास्तर पुस्तक मांडीवर घेत, पुढच्या चाली कोऱ्या पोस्टकार्डाने झाकत आणि विचारत, “आता काळा कुठे?” मी बटण ठेवायचे. चुकले तर ते काही बोलत नसत. माझे बटण दोन बोटांनी उचलून डब्यात टाकत. टण् असा आवाज येई. पुन्हा “आता काळा कुठे?” एका दुपारी एकाच चालीसाठी तो आवाज मी एकतीस वेळा ऐकला. मी रडायला लागलो तेव्हा त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “आता तूच टाक.” तिसऱ्या दिवशी घरी कार्ड आले. ‘चुका: दोन. १. एकतिसाव्यांदा तेच बटण पहिल्या जागी ठेवले. २. नाक बाहीला पुसले.’

त्या झाकलेल्या पुस्तकाशेजारी त्यांची वही असे, गिरणीतली लांबट, कापडी पुठ्ठ्याची. कित्येक वर्षे ते तिच्यात त्या चाळीस डावांवर मराठीत विवेचन लिहीत होते. वाचता येत नसलेल्या पुस्तकाचा अर्थ त्यांनी कसा लावला? त्याची त्यांनी एक रीत बसवली होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. पुस्तकातल्या मजकुरात चालींचे आकडे दिसत. कोणत्या आकड्याच्या मागेपुढे किती ओळी आहेत, ते मास्तर पट्टीने मोजत. “शहाणा माणूस फुकट शाई घालवत नाही. ज्या चालीवर जास्त लिहिलंय ती चाल थोर. मग ती का थोर, ते आपण शोधायचं.” मला त्या वेळी हे अगदी पटले होते. आजही, कुणी न सांगता, मला दुसरे काही सुचले असते असे वाटत नाही.

काकूंविषयी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीविषयी, लिहायला हवे. मास्तर काकूंनाही कार्डे पाठवत. एकाच घरात राहून. सकाळी आमटी खारट झाली की ते मुकाट्याने जेवत, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पेटीत कार्ड टाकत, आणि दोन-तीन दिवसांनी पोस्टमन ते काकूंच्या हातात देई. ‘चूक: एक. मीठ.’ मास्तर तेव्हा समोर खुर्चीतच बसलेले असत. काकू ती कार्डे तेल शोषायला डब्यांखाली घालत. मला म्हणत, “माझं लग्न झाल्यापासून ‘चुका: नाहीत’ असं कार्ड मला एकदाही आलेलं नाही रे बाळा. तुला आलंच कधी, तर मला दाखवायला आण हो.” त्या हसत म्हणाल्या होत्या, पण मी ते मनावर घेतले. त्या दिवसापासून मला जगात दुसरे काही नको होते. ‘चुका: नाहीत’ असे एक कार्ड. ते काकूंना दाखवायचे आणि बाबांच्या खिळ्याला सगळ्यांत वर टोचायचे.

बारावीला मी गणितातच नापास झालो. चार दिवस घराबाहेर पडलो नाही. पाचव्या दिवशी कार्ड आले. ‘चूक: एक. आला नाही.’ गेलो. मास्तरांनी निकालाचा शब्दही काढला नाही. म्हणाले, “तेविसावा डाव लाव. पंचाऐंशीपर्यंत.” तो मला पाठ होता. लावला. खालच्या डाव्या कोपऱ्यात पांढऱ्याची बटणे काळ्याच्या वेढ्यात सापडली होती.

“तुझा कोपरा मरतोय. काय करशील?”

“वाचवीन.”

“म्हणून तू नापास.” त्यांनी स्वतः एक पांढरे बटण उचलले आणि फळीच्या मधोमध, सगळ्यांपासून लांब, मोकळ्या मैदानात ठेवले. “शहाऐंशी. वळूनसुद्धा पाहिलं नाही त्याने. मरणाऱ्याला मरू द्यावं आणि पुढे बघावं. बारावी हा तुझा मेलेला कोपरा. दहावीच्या मार्कांवर डिप्लोमाला जा. ड्रॉइंग शिक.”

“पण मास्तर, हा डाव पांढरा हरला ना शेवटी?”

“हरला. पण या एका चालीवर पुस्तकात दीड पान मजकूर आहे. जिंकणाऱ्याच्या एकाही चालीवर चार ओळींच्या वर नाही. मग थोर कोण?”

मी डिप्लोमाला गेलो, तिथून डिग्रीला. गणित मागून आपोआप आले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. ते घडले त्या शहाऐंशीव्या चालीमुळे, हे मी कुणालाही सांगतो.

त्याच चालीचे दुसरे दर्शन मला डिग्रीच्या दुसऱ्या वर्षी झाले. काकूंना कल्याणला एका हॉस्पिटलात ठेवले होते. मास्तर पहिले तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी आता आशा नाही असे सांगितले, आणि मास्तर जायचे थांबले. मुलगा दीपक एकटाच बसून असे. सहाव्या दिवशी काकूंनी विचारले म्हणून मी रिक्षा करून शहाडला गेलो.

“मास्तर, काकू तुमची वाट बघताहेत. चला.”

ते फळीपुढे बसले होते. तेविसावा डाव लावलेला होता. त्यांनी मान वर केली नाही.

“शहाऐंशी,” ते म्हणाले.

मला कळले. लिहायला लाज वाटते, पण मला ते त्या क्षणी फार मोठे वाटले. किती हा माणूस आपल्या वाचण्याशी खरा, असे वाटले. मी परत गेलो आणि काकूंना सांगितले की मास्तरांना ताप आहे. काकूंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. “खोटं बोलतोस. चूक एक,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. त्यांना दाखवायचे कार्ड मला तोवर आलेले नव्हते.

पदवी मिळाल्यावर पेढे घेऊन गेलो. मास्तरांनी पेढा घेतला, खाल्ला. कार्ड आले, ‘चुका: दोन. १. पेढे काकूंच्या फोटोपुढे आधी ठेवायला हवे होते. २. नमस्कार करताना घड्याळ पाहिले.’ दोन्ही खऱ्या होत्या.

पुढे मला ठाण्याला एका डिझाइन कंपनीत नोकरी लागली. लग्न झाले, मुलगी झाली, ठाण्यातच फ्लॅट घेतला. मास्तर पंचाहत्तरीला आले तेव्हा मीच सुचवले की वही छापू या, मी टाइप करतो, खर्चही मी करतो. तिसऱ्या दिवशी कार्ड आले. त्यावर चुका नव्हत्या, पण त्या नसल्याचेही लिहिलेले नव्हते. ‘छाप. पण एकही चूक जाता कामा नये. पुस्तक आणि वही दोन्ही ताडून पाहा. सापडेल ती कार्डाने कळव. तोंडी चूक सांगणारा पळपुटा असतो.’

ताडून पाहा म्हटल्यावर मी दोन्हींची झेरॉक्स काढून आणली आणि ताडून पाहिले. आमच्या ऑफिसात जपानी कंपन्यांची कामे येतात, त्यामुळे भाषांतर करणाऱ्या एक बाई आहेत. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यापुढे तेविसावा डाव ठेवला. त्यांनी दीड पान वाचले आणि हसायला लागल्या.

“काय धुतलंय हो बिचाऱ्याला!”

“कुणाला?”

“ह्या शहाऐंशीवाल्याला. आख्खा डाव घालवला म्हणतात त्याने ह्या एका चालीत.” मग माझा चेहरा बघून त्या थांबल्या. “का? तुम्हाला काय वाटलं होतं?”

मी रोज एक डाव याप्रमाणे सगळे चाळीस डाव त्यांच्याकडून वाचून घेतले. प्रत्येक ठिकाणी तेच. मजकूर जास्त होता तिथे चाल थोर नव्हती, घोडचूक होती. चांगल्या चालीला त्या लेखकाने ‘ठीक’ म्हणून सोडून दिले होते. मास्तरांनी तीस वर्षे चाळीस घोडचुकांची पूजा बांधली होती, आणि मीही तीच पाठ केली होती.

सुरेखाताईला सांगितले. ती म्हणाली, “अरे, आहे तसं छाप की. जपान्यांना कुठे मराठी वाचायचंय! म्हातारा सुखाने जाईल.”

“पण त्यांनीच सांगितलंय, चूक कळव म्हणून.”

“सांगितलं म्हणून? काकूंच्या आमटीतल्या मिठाचं पण कळवायचंच होतं ना त्यांना? काय मिळालं?”

मी ऐकले नाही. मी तीन पोस्टकार्डे घेतली, त्यांच्यासारखे उभे आणि सुटे अक्षर काढले आणि लिहिले. मी कर्तव्य म्हणून लिहिले हे खरे आहे. पण लिहिताना माझा हात हलका झाला होता, हेही खरे. इतक्या वर्षांनी डबा माझ्या हातात होता. पाकिटात घालावे असे एकदा मनात आले, आणि मी घातले नाही. काकूंचा विचार त्या वेळी मनात आला नाही असे म्हटले, तर ती आणखी एक चूक होईल.

आठव्या दिवशी उत्तर आले. आमच्या सोसायटीच्या वॉचमनने ते मला गेटवरच दिले आणि म्हणाला, “अच्छा है साब, कुछ लिखा ही नहीं.” त्यावर दोनच शब्द होते.

‘चुका: नाहीत.’

मी सुट्टी टाकून शहाडला गेलो. दार दीपकने उघडले. तो बाहेर आला आणि त्याने मला जिन्यातच थांबवले. “सुनील, तुझी कार्डं खाली सेक्रेटरींनी वाचली. मग कुणीतरी गंमत म्हणून नोटीस बोर्डावर लावली. अर्धा दिवस होती तिथे. बाबा दूध घेऊन येताना त्यांनी बघितली. उभे राहून तिन्ही वाचली, काढून घेतली, टाचण्या परत बोर्डाला लावल्या आणि वर आले. कुणी विचारलंसुद्धा त्यांना, काय मास्तर, येत नव्हतं तर वाचत काय होता?”

आत मास्तर खुर्चीत बसले होते. फळी दिसत नव्हती. बटणे त्यांनी स्टेशनजवळच्या एका शिंप्याला देऊन टाकली होती.

“ये, ये,” ते म्हणाले. “चहा घेशील? साखर किती?”

इतक्या वर्षांत त्यांनी मला साखर किती हे कधी विचारले नव्हते. त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली, ठाण्याच्या पाण्याची चौकशी केली. मला ते सहन होईना. मी मुद्दाम म्हणालो, “आज बुधवार ना, मास्तर?” गुरुवार होता. भिंतीवरचे कॅलेंडर त्यांच्या समोरच होते.

“असेल, असेल,” मास्तर म्हणाले.

जाताना मी चप्पल उलटीसुलटी टाकून पाहिली. ते काही बोलले नाहीत आणि मग कार्डही आले नाही. पुन्हा कधीच आले नाही. पाच महिन्यांनी मास्तर गेल्याचा दीपकचा फोन आला तेव्हा सगळे उरकले होते. नंतर त्याने ते पुस्तक, वही आणि माझी तिन्ही कार्डे मला आणून दिली. वहीच्या प्रत्येक पानावर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, पट्टीने मारलेली एकेक तिरकी रेघ होती. एकही रेघ हललेली नव्हती. तेविसाव्या डावावर मात्र दोन होत्या.

मी त्यांचा शिष्य आहे आणि राहीन. माझ्या हाताखाली एक नवी मुलगी आली आहे, चिपळूणकडची, घरातली पहिली पदवीधर. मागच्या महिन्यात तिच्या ड्रॉइंगमधल्या चुका मी क्रमांक घालून ऑफिसच्या ग्रुपवर टाकल्या. पाच होत्या. पाचही खऱ्या होत्या. ती दोन दिवस कामावर आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती ड्रॉइंग सुधारून घेऊन, आणि माझ्या टेबलापाशी उभी राहून तिने विचारले, “सर, आता बरोबर आहे?” मी ड्रॉइंग तपासले; सगळे बरोबर होते. मला ‘चुका नाहीत’ म्हणता आले नाही. मी नुसती मान हलवली.

मी मास्तरांना पाठवलेले पत्र खाली देतो. त्यातले अक्षरही बदललेले नाही.

(कार्ड पहिले)

ती. मास्तरांस, साष्टांग नमस्कार. वही ताडून पाहण्याचे काम आपण सांगितल्याप्रमाणे पूर्ण केले. पुस्तकातील जपानी मजकूर जाणकार व्यक्तीकडून वाचून घेतला. सापडेल ती चूक कार्डाने कळवावी अशी आपली आज्ञा होती. त्याप्रमाणे पुढील कार्डावर कळवीत आहे.

(कार्ड दुसरे)

चुका: तीन.

१. ज्या चालीवर मजकूर जास्त ती थोर, असे आपण धरले. तसे नाही. जिथे खेळणारा चुकला तिथे लेखकाने जास्त लिहिले आहे. चाळीसही डावांत असेच आहे.

२. तेविसावा डाव, पांढऱ्याची शहाऐंशी. पुस्तकातील मजकुराचा अर्थ असा: ‘पांढऱ्याने कोपरा सोडून दिलेला नाही. तो मरतो आहे हे त्याला दिसलेच नाही. या वेळेस तिथे एक चाल केली असती तर कोपरा जगला असता. एकदा वळून पाहिले असते तरी पुरे होते.’

३. या चालीखाली आपण वहीत ‘मरणाऱ्याला मरू द्यावे’ असे लिहिले आहे. पुस्तकात असे वाक्य कुठेही नाही.

(कार्ड तिसरे)

मास्तर, मी नापास झालो तेव्हा याच चालीने मला उभे केले. ती चुकीची होती हे आता कळले, तरी मी उभाच आहे. आमच्या घरात पहिली पदवी आली ती आपल्यामुळे. आपण मला बघायला शिकवले नसते तर वरील चुका मला दिसल्या नसत्या. हे उपकार या जन्मी फिटणार नाहीत. प्रकृतीस जपावे. दीपकला नमस्कार.

आपला विद्यार्थी,
सुनील

ता. क. वरील मजकुरात काही चूक असल्यास कार्डाने कळवावे.